राबापासून आवणापर्यंत : कुलाबा किनाऱ्यावरील भातलावणीचा इतिहास

उत्तर कोकणात भाताचे बी एका जागी पडते आणि पीक दुसऱ्या जागी उभे राहते. शेताच्या उंचवट्यावरील लहानशा तुकड्यात दाट पेरलेल्या बियांपासून जे कोवळे रोप तयार होते त्याला ‘आवण’ म्हणतात. ते उपटून, चिखल केलेल्या मुख्य शेतात पुन्हा रोवण्याच्या कामाला ‘आवणी’ किंवा ‘लावणी’ म्हणतात. आणि रोप वाढवायची जागा शेण, पाला व गवत पसरून उन्हाळ्यात भाजून ठेवण्याच्या रीतीला आणि त्या जागेलाही ‘राब’ हे नाव आहे. अलिबाग, पेण, पनवेल, उरण, मुरूड आणि श्रीवर्धन हे किनाऱ्यालगतचे तालुके ज्या जिल्ह्यात येतात, तो १८६९ मध्ये ठाण्यापासून वेगळा होऊन कुलाबा जिल्हा झाला आणि १ जानेवारी १९८१ पासून रायगड या नावाने ओळखला जाऊ लागला. या किनाऱ्यावर रोप केव्हा लावायचे हे पावसाने आणि रोपाच्या वयाने ठरवले. ते कसे लावायचे, किंबहुना लावायचे की नाही, हे मात्र राबाचा पाला, खाडीचा बांध आणि कुळाचे हात या तिन्हींवर कोणाचा ताबा आहे त्यावरून ठरत गेले. भातलावणीचा इतिहास त्यामुळे शेतीच्या तंत्राइतकाच जंगलाच्या, खाजणाच्या आणि खोतीच्या हक्कांचा इतिहास ठरतो.

या प्रदेशातील भातजमिनींचे दोन मुख्य भाग पूर्वीपासून मानले जातात. डोंगरउतारापासून सपाटीपर्यंत पसरलेल्या, पावसाच्या गोड्या पाण्यावर पिकणाऱ्या बांधबंदिस्त खाचरांना गोडी जमीन म्हणतात, तर खाड्यांच्या काठी भरतीचे पाणी बांध घालून अडवून मिळवलेल्या जमिनीला खारी जमीन आणि तिच्या सलग पट्ट्याला खारेपाट म्हणतात. लावणीची रीत मुख्यतः गोड्या जमिनीची. जिल्ह्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांत सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला मोठा भाग जून ते ऑगस्टमध्ये कोसळतो. अशा पावसात उघड्या शेतात फेकलेले बी वाहून जाण्याची किंवा तणाखाली दडपले जाण्याची भीती असते. उंच जागी राखलेले रोप ही दोन्ही संकटे चुकवते, कारण ते मुख्य शेतात येते तेव्हा त्याला पाच-सहा पाने फुटलेली असतात आणि चिखलणीने गाडले गेलेले तण डोके वर काढण्याआधी ते मूळ धरते. बियाणेही कमी लागते: एक हेक्टर लावणीसाठी साधारण दहा गुंठे जागेतले रोप पुरते.

कामाचे वेळापत्रक नक्षत्रांवर बसवलेले असे. मेच्या अखेरीस रोहिणी लागते तेव्हा कोरड्या मातीत होणाऱ्या पेरणीला धूळवाफ पेरणी म्हणतात. ७ जूनच्या सुमारास मृग लागून पहिला पाऊस स्थिरावला की राहिलेले राब पेरले जातात. आणि आर्द्रा व पुनर्वसू या नक्षत्रांत, म्हणजे जूनच्या शेवटच्या आठवड्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत, लावणीचा भर असतो. पुष्य नक्षत्रापर्यंत लांबलेली लावणी उशिराची समजली जाई, कारण राबात तीन-चार आठवड्यांपेक्षा जास्त दिवस राहिलेले आवण तेथेच जून होते, त्याला शेतात गेल्यावर फुटवे कमी येतात आणि एका चुडात, म्हणजे एका ठिकाणी रोवायच्या जुडग्यात, जास्त काड्या धराव्या लागतात. हळवे, निमगरवे आणि गरवे ही भाताची जी वर्गवारी शेतकऱ्यांच्या बोलण्यात आहे ती लवकर, मध्यम आणि उशिरा पिकणाऱ्या जातींची असून तिचा लावणीच्या वेळेशी थेट संबंध आहे. हळव्या भाताला उशीर सोसत नाही, गरव्याला थोडा सोसतो. पंचांगातले नक्षत्र ही बाहेरची खूण होती, निर्णय रोपाकडे पाहून घेतला जाई.

राब करण्याची रीत कष्टाची आणि काटेकोर होती. हिवाळा सरताच ऐन, किंजळ यांसारख्या झाडांच्या फांद्या तोडून त्यांचे भारे बांधले जात. त्या पाल्याफांद्यांना ‘कवळ’ म्हणतात. निवडलेल्या तुकड्यावर प्रथम शेणाचा थर, त्यावर कवळ, त्यावर गवत किंवा पेंढा आणि शेवटी जाळ एकदम भडकून निघून जाऊ नये म्हणून बारीक मातीचा पातळ थर, असा साज रचला जाई आणि उन्हाळ्याच्या अखेरीस तो पेटवला जाई. आग वाऱ्याच्या दिशेने धावत सुटण्याऐवजी वाऱ्याविरुद्ध सावकाश सरकावी यासाठी ती वाऱ्याच्या पलीकडच्या बाजूने लावण्याचा दंडक होता, कारण हेतू जमीन खोलवर तापवण्याचा होता. पाऊस पडला की त्या राखेत हलकी नांगरट करून बी टाकले जाई. भाजलेल्या जागेत तण जवळजवळ उगवत नाही आणि रोप काळेभोर, जोमदार येते, हा शेतकऱ्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव होता.

या रीतीला दरवर्षी पाला आणि गवत लागे आणि ते भातखाचराच्या बाहेरून येई. त्यासाठी भातशेताला जोडून डोंगरउताराची जी जमीन धरली जाई तिला वरकस म्हणतात. नाचणी, वरी यांसारखी हलकी पिके काही वर्षे घेऊन ती पडीक टाकायची आणि तिच्यावरील गवत व झाडपाला राबासाठी वापरायचा, अशी ही जोडशेती होती. त्यामुळे एकट्या भातखाचराची किंमत वरकसाशिवाय अपुरी समजली जाई. ज्यांना वरकस नव्हती किंवा पुरत नव्हती ते जवळच्या जंगलातून कवळ आणत. इंग्रजी अमलात जंगलाची मोजणी होऊन सरकारी राखीव क्षेत्रे ठरू लागली आणि १८७८ चा वनकायदा आला, तेव्हा हा जुना वापर गुन्ह्याच्या कक्षेत आला. झाडांचे शेंडे आणि फांद्या दरवर्षी छाटल्याने झाड खुरटते, हा वनखात्याचा आक्षेप होता आणि तो निराधार नव्हता. पण पाला नाही तर राब नाही, राब नाही तर आवण नाही आणि आवण नाही तर सारा भरण्यापुरतेही भात नाही, हे रयतेचे उत्तरही तितकेच खरे होते.

या तंट्याची दखल सरकारला घ्यावी लागली. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतील रयतेच्या जंगलविषयक तक्रारींची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने १८८५ मध्ये एक आयोग नेमला आणि त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला. राबासाठी पाला घेण्याचा प्रश्न त्या चौकशीच्या केंद्रस्थानी होता. राब ही अडाणी सवय आहे की गरज, असा वाद पुढे शास्त्राच्या दरबारात गेला. मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्याने राबाचे आणि बिनराबाचे वाफे शेजारी शेजारी करून तुलना केली. इंग्लंडहून भारतीय शेतीच्या पाहणीसाठी आलेले डॉ. जॉन ऑगस्टस व्होल्कर यांनी आपल्या १८९३ च्या अहवालात या प्रयोगांचा परामर्श घेतला आणि राबाला केवळ अज्ञानाचे फळ मानले नाही. त्यानंतर पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरोल्ड मान यांनी जोशी व कानिटकर या सहकाऱ्यांसह पश्चिम भारतातील राबपद्धतीवर स्वतंत्र संशोधन करून ते १९१२ मध्ये प्रसिद्ध केले. माती तापवल्याने तिच्यातील सूक्ष्मजीवांची घडी बदलते आणि पिकाला उचलता येईल असे अन्न मोकळे होते, हे इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड येथे रसेल आणि हचिन्सन यांनी १९०९ मध्ये दाखवले होते. जाळाचा थर धिमा ठेवण्यासाठी त्यावर माती पसरणारा कुलाब्याचा शेतकरी हे सूत्र शब्दांत मांडत नव्हता, पण त्याच्या कृतीत ते होते. राख हा राबाचा केवळ अर्धा लाभ होता, उरलेला अर्धा तापलेल्या मातीचा होता.

खारेपाटात मात्र ही सारी रचना वेगळी होती. तेथे झाड नाही, वरकस नाही, आणि उन्हाळ्यात क्षाराने पांढरी पडलेली जमीन पहिल्या पावसांनी धुतली जाईपर्यंत बी किंवा रोप तग धरत नाही. म्हणून खारी जमीन पुष्कळदा नांगरलीही जात नसे; चिखलात सरळ बी टाकले जाई किंवा शेतात पाणी साचलेले असेल तर ‘रहू’ केला जाई. रहू म्हणजे बी भिजवून, पेंढ्याखाली ढीग करून दोन-तीन दिवस दडपून ठेवायचे आणि कोंब फुटले की ते पाण्यात फेकायचे. या जमिनींत क्षार सोसणाऱ्या तांबड्या भाताच्या ‘राता’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जाती असत. गोड्या जमिनीतील शेतकऱ्याची चिंता कवळाची असे, खारेपाटातील शेतकऱ्याची बांधाची. खाडीकडील बाहेरचा बांध, त्यातून पावसाचे पाणी ओहोटीला बाहेर सोडणारी आणि भरतीला मिटणारी ‘उघाडी’, आणि बांधाच्या आतली खाचरे हा खारबंदिस्तीचा सांगाडा असतो. बांधाला खांड पडून एकदा समुद्र आत शिरला की त्या वर्षीचे पीक तर जातेच, पण पुढची काही वर्षेही जमीन नापीक राहते.

एवढा मोठा बांध एका कुटुंबाच्या आवाक्यातला नसल्याने त्याभोवती जमीनधारणेचे खास प्रकार उभे राहिले. पेण व अलिबाग भागातील शिलोत्री ही त्यांतली नावाजलेली पद्धत: ज्याने खाजण, म्हणजे भरतीच्या पाण्याखालची जमीन, बांधून घेतले किंवा ज्याच्याकडे बाहेरच्या बांधाच्या दुरुस्तीची जबाबदारी होती तो शिलोत्रीदार, आणि त्या दुरुस्तीपोटी आतल्या कसणाऱ्यांकडून तो धान्याच्या रूपाने हक्काचा वाटा घेई. बांध शाबूत असेपर्यंत या वाट्याला अर्थ होता. पण जेथे वाटा वसूल होत राहिला आणि बांधाची जबाबदारी मात्र कुळाच्या अंगावर ढकलली गेली, तेथे संघर्षाचे बी पडले.

लावणीचे प्रत्यक्ष काम हातांचे होते आणि ते हात बहुतेक ठिकाणी आगरी, कुणबी, कोळी आणि कातकरी घरांतले होते. उन्हाळी उखळणीनंतर पाऊस साचलेल्या शेतात जोत धरून चिखलणी करणे आणि फळी फिरवून चिखल सपाट करणे हे पुरुषांचे काम समजले जाई; आवण खणणे, मुळांची माती धुऊन मुठी बांधणे आणि वाकून चूड रोवत मागे सरकणे हे प्रामुख्याने स्त्रियांचे. पाठीवर इरले, म्हणजे बांबूच्या सांगाड्यात पाने गुंफून केलेले पावसाळी आच्छादन, घेऊन दिवसभर कमरेत वाकलेल्या बायांच्या रांगा हे आषाढातील या किनाऱ्याचे ठरलेले दृश्य होते. लावणी दोन-तीन आठवड्यांत उरकायची असल्याने एका घराचे मनुष्यबळ पुरत नसे. म्हणून आज एकाच्या शेतावर सगळ्यांनी जायचे आणि त्याने उद्या दुसऱ्याच्या शेतावर फेड करायची, अशी सावड चाले. ज्याच्याकडे स्वतःची जमीन नाही अशा कातकऱ्याला मात्र फेड करून घेता येत नसे. त्याच्या वाट्याला मजुरीच येई.

शेत बहुधा खोताचे, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या वतनदाराचे, किंवा सावकाराचे असे आणि कसणारा कूळ असे. पिकाचा अर्धा किंवा त्याहून अधिक भाग खंडात जाई, शिवाय वेठीचे आणि बांधदुरुस्तीचे ओझे वेगळे. या व्यवस्थेला सर्वांत मोठा धक्का खारेपाटातूनच बसला. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी अलिबाग तालुक्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या पुढाकाराने भरलेल्या सभेत खोतांची शेते न कसण्याचा निर्णय झाला आणि आसपासच्या सुमारे २५ गावांतील कुळांनी तो १९३९ पर्यंत पाळला. सहा पावसाळे तेथील खोतांच्या शेतांत पेरणी झाली नाही की लावणी झाली नाही. जंगलातील लाकूडफाटा विकून आणि मिळेल ते काम करून या कुटुंबांनी दिवस काढले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९३४ मध्ये चरीला येऊन या संपाला पाठिंबा दिला आणि सप्टेंबर १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. त्याच वर्षी या चळवळीचे ‘कृषीवल’ हे पत्र सुरू झाले. पुढे १९३९ चा मुंबई कूळकायदा आणि १९४९ चा खोती निर्मूलन कायदा आला. लावणी न करणे हेही कुळाच्या हातातील शस्त्र आहे, हे या संपाने सिद्ध केले; रोप शेतात जाते ते कोणाच्या तरी संमतीने, ही गोष्ट तोवर कोणी मोजलीच नव्हती.

जमिनीचा हक्क बदलल्यावर लावणीच्या तंत्राकडे लक्ष गेले. कर्जत येथे १९१९ मध्ये सुरू झालेल्या भात संशोधन केंद्राने कोलमसारख्या स्थानिक भातांतून निवड करून सुधारित जाती दिल्या होत्याच. स्वातंत्र्यानंतर १९५० च्या दशकात ‘जपानी पद्धत’ या नावाने भातलागवडीची मोहीम देशभर निघाली, आणि तिचे आरंभीचे प्रयोग मुंबईजवळ बोरिवलीच्या कोरा केंद्रात झाले होते. या पद्धतीत राबाच्या सपाट तुकड्याऐवजी गादीवाफा, म्हणजे सुमारे एक मीटर रुंदीचा आणि आठ-दहा सेंटिमीटर उंचीचा उंच वाफा, पातळ पेरणी, दोरी धरून ओळीत लावणी आणि ओळींमधून कोळपणी यांवर भर होता. गादीवाफ्यातले रोप मोकळे वाढत असल्याने कमी बियाण्यात काम भागते आणि कवळावरचे अवलंबित्व कमी होते. पुढे राबाला विरोध करणाऱ्यांनी त्याच्यामुळे होणारी जंगलाची हानी आणि वाया जाणारे शेण यांवर बोट ठेवले. तरीही मे महिन्यात उत्तर कोकणातील अनेक गावांत राबाचा धूर आजही दिसतो, कारण तणाचा बंदोबस्त हा लाभ गादीवाफ्याला तितक्या स्वस्तात देता आलेला नाही.

दापोली येथे १८ मे १९७२ रोजी स्थापन झालेल्या कोकण कृषी विद्यापीठाने परंपरेतील ठोकताळ्यांना मापाची जोड दिली. हळव्या भाताचे रोप पेरणीपासून २१ ते २५ दिवसांत, निमगरव्याचे २३ ते २७ दिवसांत आणि गरव्याचे २५ ते ३० दिवसांत लावावे. एका चुडात दोन-तीन रोपे धरावीत. ती उथळ, म्हणजे दोन ते चार सेंटिमीटर खोल आणि सरळ रोवावीत. आणि दोन चुडांमध्ये जातीनुसार १५ ते २० सेंटिमीटर अंतर ठेवावे, असा हा सल्ला आहे. खोल रोवलेल्या रोपाला फुटवे उशिरा येतात, म्हणून अंगठा आणि दोन बोटांच्या चिमटीत रोप धरून चिखलाच्या वरच्या थरातच ते उभे करणे हे लावणीचे मर्म ठरते. खाऱ्या जमिनीसाठी पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने राता भातांतून निवडलेल्या ‘काळा राता’ व ‘भुरा राता’ या जाती, आणि पुढे ‘पनवेल’ मालिकेतील जाती दिल्या. बांधाचा प्रश्नही सरकारी चौकटीत आला: १९४८ च्या मुंबई खारजमीन कायद्याने आणि १९७९ च्या महाराष्ट्र खारभूमी विकास कायद्याने बाहेरच्या बांधांच्या उभारणीची व देखभालीची जबाबदारी सार्वजनिक यंत्रणेकडे गेली, आणि शिलोत्रीदाराचे उरलेसुरले महत्त्व संपले.

अलीकडच्या दोन पद्धतींनी लावणीच्या मूळ कल्पनेलाच हात घातला आहे. डॉ. नारायण सावंत यांनी मांडलेल्या ‘चारसूत्री’ पद्धतीत भाताच्या तुसाची राख रोपवाटिकेत मिसळणे, गिरिपुष्पाचा हिरवा पाला चिखलात गाडणे, १५ व २५ सेंटिमीटरची अंतरे आलटून पालटून ठेवून नियंत्रित लावणी करणे आणि चार चुडांच्या मधोमध युरिया-डीएपीची ब्रिकेट खोचणे ही चार कामे येतात. राख आणि पाला यांची जुनी राबजोडीच येथे न जाळता, नव्या हिशेबाने परत आलेली दिसते. दुसरी पद्धत नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांची ‘सगुणा राईस टेक्निक’. तिच्यात कायमच्या गादीवाफ्यावर साच्याने खुणा पाडून बी थेट टोकले जाते. चिखलणी नाही, आवण नाही आणि लावणीही नाही. मजूर मिळत नाहीत आणि मिळाले तरी लावणीच्या ऐन दिवसांत मजुरी परवडत नाही, ही या बदलामागची मुख्य निकड आहे.

लावणीची कला भातापुरतीच राहिली नाही, याचा पुरावा याच किनाऱ्यावर दिसतो. अलिबाग तालुक्यातील कार्ले, खंडाळे, नेहुली, वाडगाव, सागाव या परिसरात भात कापल्यावर त्याच खाचरांत पांढरा कांदा लावला जातो. त्याचे बी पावसाळा सरताच वाफ्यात पेरून, रोप साधारण दीड महिन्याचे झाले की हिवाळ्यात मुख्य शेतात लावायचे आणि तयार कांद्याच्या पातींची वेणी घालून माळा करायच्या, अशी ही परंपरा असून १८८३ च्या कुलाबा गॅझेटियरातही या कांद्याची नोंद आहे. २०१९ मध्ये केलेल्या अर्जानंतर त्याला भौगोलिक मानांकन मिळाले. जेथे पाणी नाही तेथे भातानंतर ओलीवर वाल पेरला जातो आणि त्याला कोणतीही लावणी लागत नाही. रोप वाढवून हलवण्याचा खटाटोप शेतकरी तेथेच करतो जेथे त्याचे मोल मिळते.

भाताच्या लावणीचे क्षेत्र मात्र आकुंचन पावत आहे. नवी मुंबई, न्हावा-शेवा बंदर आणि उद्योगांसाठी उरण, पनवेल व पेण तालुक्यांतील खारेपाट आणि गोड्या जमिनींचे मोठे पट्टे गेले. महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील जमिनी घेण्याचे ठरले, तेव्हा पेण तालुक्यातील गावांमध्ये २१ सप्टेंबर २००८ रोजी सार्वमत घेतले गेले. जमीन द्यायची की लावणी करायची, हा प्रश्न त्या दिवशी मतपत्रिकेवर आला होता.

दीडशे वर्षांचा हा पट पाहता एक निष्कर्ष निघतो. कवळावर वनखात्याचा, बांधावर शिलोत्रीदाराचा आणि पिकावर खोताचा ताबा असेपर्यंत कुलाब्याच्या शेतकऱ्याला लावणीचे शास्त्र ठाऊक असूनही त्याचे पूर्ण फळ मिळत नव्हते. हे तिन्ही ताबे सैल झाले तेव्हा हात कमी पडू लागले. पद्धती बदलल्या, माणसे बदलली. पाच-सहा पानांचे, तीन-चार आठवड्यांचे आवण उथळ चिखलात सरळ उभे करावे, हा नियम तेवढा राबाच्या काळापासून तसाच राहिला आहे.